बरडावरची फुले : वर्ध्याच्या टेकड्यांकडे निघालेल्यांसाठी प्रस्तावना

वर्धा जिल्ह्यात डोंगर आहेत, हे वर्ध्यातल्याच पुष्कळांना सांगावे लागते. जिल्ह्याचे नाव निघाले की कपाशीची काळी जमीन, सेवाग्रामची बापूकुटी आणि पवनारला धाम नदीच्या काठचा विनोबांचा आश्रम डोळ्यांपुढे येतो, आणि हे सगळे सपाटीवरचे आहे. पण उत्तरेला आर्वी, आष्टी आणि कारंजा तालुक्यांत सातपुड्याचे फाटे उतरले आहेत. गरमसूरची टेकडी आहे, ढग्याच्या महादेवाकडे जाणारी रानवाट आहे, बोर धरणाच्या पाठीशी सागाने झाकलेल्या रांगा आहेत. खाली समुद्रपूर तालुक्यात गिरडची टेकडी शेख फरीदबाबांचा दर्गा माथ्यावर घेऊन उभी आहे. यांतल्या उंचातल्या उंच माथ्याची उंची सहाशे मीटरांच्या आसपास भरते. गिर्यारोहकाने दखल घ्यावी असे त्यांत काही नाही. फुले पाहणाऱ्याने मात्र घ्यावी, आणि ती का व कशी घ्यावी एवढे सांगण्यासाठी हा प्रस्तावनेचा प्रपंच.

डोंगरातली रानफुले म्हटले की आपल्या मनात हिमालय येतो. उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यातल्या ‘फुलांच्या दरी’ची छायाचित्रे तुम्ही पाहिली असतील. 1931 साली कामेट शिखरावरून परतताना फ्रँक स्माइथ आणि त्याचे सोबती त्या दरीत उतरले आणि तिचे नाव जगभर झाले. 1982 मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झाले. तिथली फुले खऱ्या अर्थाने उंच पर्वतावरची आहेत. वृक्षांची हद्द जिथे संपते त्याच्या वर, वर्षाचे कितीतरी महिने बर्फाखाली राहून, उरलेल्या थोड्या दिवसांत फुलून बी धरणारी. महाराष्ट्रात अशी जागा नाही. कळसूबाईवर नाही, मग गरमसूरवर कुठून असणार?

तरीही एकदा श्रावणात एखाद्या बरडावर जाऊन उभे राहा. बरड म्हणजे काय हे वैदर्भीय वाचकांना सांगायला नको. इतरांसाठी एवढेच, की मुरमाड, दगडगोट्यांची, बोटभर मातीची आणि म्हणून नांगराने सोडून दिलेली जमीन. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा खडक इथे उघडा पडलेला असतो. माती पातळ असल्याने झाड धरत नाही, म्हणून ऊन थेट जमिनीवर येते. वैशाखात पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो तेव्हा या माथ्यावर हिरवे असे काही उरत नाही. पुढे वर्षाचा सुमारे हजार मिलिमीटर पाऊस बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि तेवढ्याच अवधीत उगवायचे, वाढायचे, फुलायचे, बी टाकायचे असते. उंच पर्वतावर बर्फ जे काम करतो ते इथे उन्हाळा करतो. तिकडची वनस्पती हिवाळा जमिनीखाली काढते, इकडची उन्हाळा. दोन्हीकडे उपाय मात्र एकच सापडला आहे : कंद.

म्हणूनच वर्ध्याच्या टेकड्यांवर कंदवाल्या फुलांची एवढी रेलचेल दिसते. रानहळद, सफेद मुसळी, काळी मुसळी, कळलावी, पांढऱ्या फुलांच्या जमिनीवरच्या आमरी. या आमरींतल्या कित्येकींना जमिनीखाली दोन कंद असतात : एक यंदाचा, ज्यावर आत्ताचे फूल उभे आहे, आणि एक पुढच्या वर्षीचा, जो यंदाचा रिकामा होत असताना शेजारी भरत असतो. ही व्यवस्था प्रथम समजली तेव्हा मला आपल्या घरांतली बेण्याची रीत आठवली. पीक कितीही थोडे आले, तरी बेण्याला हात लावायचा नाही.

आता या विषयाच्या पूर्वपीठिकेविषयी थोडे. महाराष्ट्राच्या वनस्पतींचा अभ्यास करणारा कोणीही थिओडोर कुक यांच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिग्रंथापाशी जातो. 1901 ते 1908 या काळात निघालेला तो ग्रंथ आजही उशाशी ठेवावा असा आहे, पण त्यात वर्धा नाही. असण्याचे कारणही नव्हते. 1862 मध्ये नागपुरातून वेगळा काढलेला हा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता; मुंबई राज्यात तो आला 1956 साली. मध्य प्रांताच्या बाजूने मात्र आपल्याला एक मोलाचा ठेवा मिळाला. नागपूरला काम करणारे स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ आर. जे. डी. ग्रॅहम यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीस नागपूर आणि वर्धा या दोन जिल्ह्यांतल्या रानवनस्पतींची यादी छापली. पुढे ना. रा. उगेमुगे यांचा नागपूर जिल्ह्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ 1986 मध्ये आला, आणि 1996 ते 2001 या वर्षांत भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने साऱ्या महाराष्ट्राच्या वनस्पतींचे खंड प्रसिद्ध केले. म्हणजे वाट अगदीच अनोळखी नाही. मराठीतली सचित्र पुस्तके मात्र बहुतांशी सह्याद्रीची, कासच्या पठाराची. ती सुंदर आहेत, जरूर घ्यावीत. पण त्यांतली निम्मी फुले आपल्याकडे दिसणार नाहीत आणि आपल्याकडची कित्येक त्यांत सापडणार नाहीत, हे आधीच माहीत असलेले बरे. नाहीतर नवखा वाचक दोष स्वतःच्या डोळ्यांना देतो.

छापील यादीपेक्षा जुना असा आणखी एक ठेवा आहे. आर्वी-कारंजाच्या कुरणांत गवळाऊ जातीची पांढरीशुभ्र जनावरे पिढ्यानपिढ्या राखणारा नंदगवळी समाज या टेकड्यांवर राहतो. त्यांच्यातला जाणता माणूस फुलावरून झाड ओळखत नाही. जनावर त्याला तोंड लावते की नाही, लावले तर कोवळे असताना की वाळल्यावर, दूध त्याने वाढते की वास मारते, यावरून ओळखतो. ही वर्गवारी पुस्तकाच्या वर्गवारीहून वेगळी आहे, कमी अचूक मात्र नाही. घरातल्या बायकांचे ज्ञान तिसऱ्या प्रकारचे. महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला सोळा भाज्या जमवणारी, हरतालिकेची पत्री ओळखणारी, आघाडा कोणता आणि तरोटा कोवळा कुठवर हे न चुकता सांगणारी आजी घरात असेल, तर वाचकांनी पहिली फेरी तिच्यासोबत मारावी. टेकडी चढणे तिला जमणार नसेल, तर घरामागच्या धुऱ्यापर्यंत चालेल.

ओळखायला सुरुवात कशी करावी, हा नवख्याचा खरा प्रश्न असतो. बहुतेक जण पुस्तक उघडून चित्राशी चित्र जुळवू लागतात किंवा मोबाईलच्या ॲपला विचारतात. दोन्ही चालेल, पण दोन्हींत पाहायचे राहून जाते. माझा आग्रह आहे, की वर्धेकराने आपल्या वावरातून सुरुवात करावी. जी फुले आपण लहानपणापासून पाहत आलो, तीच रानाची किल्ली आहेत.

कपाशीचे फूल घ्या. पहिल्या दिवशी ते फिकट पिवळे असते, दुसऱ्या दिवशी गुलाबी होते, हे तुम्ही पाहिलेच आहे. आता ते हातात घेऊन आत पाहा. पुंकेसर सुटे सुटे नाहीत. त्यांची एक नळी झाली आहे आणि त्या नळीतून स्त्रीकेसर बाहेर डोकावतो आहे. जास्वंदीत हेच, भेंडीत हेच, अंबाडीत हेच. ही खूण एकदा डोळ्यांत बसली की टेकडीच्या वाटेवर दिसणारी रानभेंडी, चक्रासारख्या फळांची पेटारी, पायाशी घोटाळणारा पिवळा चिकणा, सगळे कपाशीचे भाऊबंद म्हणून समोर येतात. एकाही पुस्तकाचे पान न उलटता तुम्ही कुळापर्यंत पोचलेले असता.

दुसरे फूल तुरीचे. पाच पाकळ्या, पण सारख्या नाहीत : मागे एक मोठी उभी, बाजूंना दोन पंख, आणि खाली दोन जुळून झालेली होडी. हरभरा, बरबटी यांचे फूल असेच. रानात शिरलात की जमिनीवर पसरणारी रानतूर, वाळलेल्या शेंगेत बिया वाजवणारा खुळखुळा, रानमूग हे याच घराण्यातले. आणि पळसही! फाल्गुनात पेटलेल्या पळसाचे एक फूल उचलून पाहा : तीच होडी इथे वाकून पोपटाच्या चोचीसारखी झाली आहे. संस्कृतात पळसाला किंशुक म्हणतात. ‘हा पोपट तर नव्हे?’ असा प्रश्नच त्या नावात आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दारात पळसाचे मेढे ठेवणाऱ्या आपल्या गावांत तुरीचे आणि पळसाचे हे नाते ठाऊक असलेले थोडे असतील. ते एकदा कळले की दोन्ही झाडे वेगळी दिसू लागतात.

करडईचे फूल म्हणजे एक फूल नसून फुलांची दाटी आहे, हे कळले की झेंडू, सूर्यफूल आणि वाटेवरची एकदांडी एका ओळीत येतात. तुळशीचा चौकोनी देठ बोटांत फिरवून पाहिला, समोरासमोरची पाने पाहिली, की तुंबा आणि मजल्यामजल्यांनी फुलणारी दीपमाळ ओळखीची होते. इथवर आलात की पुस्तक उघडावे. आता ते तुमच्याशी बोलेल.

सोबत फार काही नको. दहापट मोठे दाखवणारे भिंग, सहा इंचांची पट्टी, जाड पुठ्ठ्याची वही आणि शिसपेन्सिल, कारण पावसात शाई राहत नाही. छायाचित्र घेताना नवखे लोक फुलाचे तोंड तेवढे घेतात. त्याने ओळख पटत नाही. फुलाची मागची बाजू घ्या, पानाचा खालचा भाग घ्या, पान खोडाला जिथे जुळते तो सांधा घ्या, आणि दोन पावले मागे येऊन पूर्ण झाड त्याच्या जागेसह घ्या. खडकाच्या भेगेत होते, की नाल्याच्या ओलीत, की सागाच्या सावलीत, हे लिहून ठेवा. घरी आल्यावर आठवेल असे वाटते, पण आठवत नाही.

एक फूल जवळून दाखवतो. मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाले की बरडावर, पळसाच्या विरळ सावलीत, ताडाच्या रोपासारखी घड्या पडलेली दोन-चार पाने वर येतात आणि त्यांच्या मधोमध, जमिनीला अगदी लागून, सहा टोकांची पिवळी चांदणी उघडते. ही काळी मुसळी. फूल आठ आण्याच्या जुन्या नाण्याएवढे असेल नसेल. पुष्कळ जण तिला ओलांडून जातात, कारण नजर वर असते. बसा, गुडघे चिखलात टेका. चांदणीखाली जो बारीक देठ दिसतो तो देठ नव्हे, फुलाचीच लांबलेली मान आहे. बीजकोश तिच्या तळाशी, पानांच्या बुडख्यात लपलेला आहे. म्हणजे पिवळी चांदणी उजेडात आणि बी धरण्याचे काम खाली अंधारात. वरून चरणारे जनावर पाने खाऊन जाईल, फूलही खाईल, पण फळापर्यंत त्याचे तोंड सहसा पोचणार नाही. बरडावर जगायचे म्हणजे काय, ते या एका फुलाने मला जितके शिकवले तितके कुठल्याच पुस्तकाने शिकवले नाही.

श्रावण-भाद्रपदात कळलावी येते आणि तिला कोणी ओलांडून जात नाही. सहा पाकळ्या मागे मुरडलेल्या, कडांना लाटा, बुडाशी पिवळ्या आणि टोकाशी लाल. दिवस जातील तसतसा लाल रंग खाली उतरत जातो. पण वाचकांनी आधी पानाकडे पाहावे. पानाचे टोक लांबून गुंडाळलेले असते आणि शेजारच्या काटकीला धरून वेल त्याच्याच आधारे वर चढते. आयुर्वेदात हिला लांगली म्हणतात. लांगल म्हणजे नांगर. कंद नांगरासारखा वाकडा असतो म्हणून ते नाव. घरात आणली तर भांडणे लागतात, ही समजूत आपल्याकडे सर्वत्र आहे आणि ती टिकली तर बरेच. या वनस्पतीच्या सर्वांगात, विशेषतः कंदात, जीवघेणे विष आहे. मुलांसोबत जाणाऱ्यांनी हे आधीच सांगून ठेवावे, आणि हाताळलीच तर हात धुवावेत.

नावांचा विषय इथे ओघाने आला. मुसळी म्हटले की एक पांढरी, एक काळी. दोन्ही कंदाच्या, पण एकमेकींच्या जवळच्या नातलग नव्हेत. झाडावर उगवलेले काहीही म्हणजे बांडगूळ, असे आपण सर्रास म्हणतो. त्यात मोहाच्या, आंब्याच्या फांदीला पांढऱ्या जाड मुळ्यांनी धरून बसलेली, चौकटी-चौकटीच्या फुलांची आमरीसुद्धा बांडगूळ ठरते आणि तोडली जाते. ती झाडाचे काहीही खात नाही. फांदी तिला फक्त बसायला हवी असते. पाणी ती हवेतून आणि सालीवरून ओघळणाऱ्या पावसातून घेते. चुकीच्या नावाने असा जीव जातो. म्हणून शास्त्रीय नाव शिकावे, पण बोलीतले नाव टाकू नये. वहीत दोन रकाने करा. एकात ज्या माणसाने जे नाव सांगितले ते त्याच्या गावासह, जसे उच्चारले तसे. दुसऱ्यात लॅटिन, खात्री झाल्यावर. दुसरा रकाना वर्षभर रिकामा राहिला तरी बिघडत नाही. पहिला आज भरला नाही तर उद्या सांगणारे माणूस असेलच असे नाही.

या सगळ्याला काही मर्यादा आहेत, त्या पाळाव्यात. बोरला 2014 मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. तिथे पायी भटकता येत नाही आणि पानही तोडता येत नाही. फुलांसाठी तिथे जायचीही गरज नाही. गावांलगतची टेकाडे, देवस्थानांच्या वाटा आणि झुडपी जंगल पुरेसे आहे. झुडपी जंगल हे महसुली कागदावरचे विदर्भाचे खास नाव. वर्ध्यासह पूर्व विदर्भात अशी जमीन विखुरलेली आहे आणि कित्येक वर्षे ती कोणाच्याही लेखी नीट जंगल नव्हती. 2025 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ती वनजमीनच असल्याचे स्पष्ट केले. निकालपत्रात काळ्या मुसळीचा विचार झाला नसेल. पण तिचे घर तेच आहे. कंद मात्र कुठेही उपटू नका, शिकण्यासाठीही नाही. मुसळीच्या दोन्ही जाती औषधासाठी खणल्या जातात, आणि ज्या माथ्यावर गेल्या वर्षी चांदण्या मोजल्या तिथे यंदा नुसते खड्डे दिसावेत, हे मी पाहिले आहे. त्या दिवशी वहीत तारीख आणि जागा लिहिली, पुढे काही लिहावेसे वाटले नाही.

उपटून पाहायला हरकत नाही अशी एक वनस्पती सांगतो, आणि वाचकांनी सुरुवात तिच्यापासूनच करावी असे सुचवतो : केना. त्यासाठी टेकडीवरही जावे लागत नाही. सोयाबीनच्या तासांत, धुऱ्यावर, नालीच्या कडेला तो माजतो आणि शेतकरी त्याला शिव्या घालतो; कोवळ्या पानांची भाजी भज्यांसकट चवीने खातो ती गोष्ट वेगळी. सकाळी दहाच्या आत जा, कारण दुपारपर्यंत फूल मिटून विरघळल्यासारखे होते. दुमडलेल्या हिरव्या द्रोणातून निळ्या पाकळ्या बाहेर आलेल्या दिसतील : दोन मोठ्या, ठसठशीत, आणि तिसरी लहान, सहज नजरेतून सुटेल अशी. या वंशाला लिनियसने कोमेलिन घराण्याचे नाव दिले. त्या डच घराण्यातले दोघे वनस्पतिशास्त्रात नावाजले आणि तिसरा काही करून दाखवण्याआधीच वारला. दोन मोठ्या आणि एका छोट्या पाकळीत लिनियसला ते तिघे दिसले.

आता पानाचा बुडखा भिंगाखाली धरा. खोडाला वेढणाऱ्या आवरणाच्या तोंडाशी तांबूस केस असतील तर हा आपला नेहमीचा केना. मग रोप हलक्या हाताने, माती सैल करून मुळासकट काढा आणि पाण्यात धुवा. मुळांच्या गर्दीत पांढुरक्या, पानांवाचूनच्या काही फांद्या खाली जाताना दिसतील. त्यांच्या टोकांशी बारीक फुगवटे आहेत. तीही फुलेच आहेत. ती कधी उघडत नाहीत, त्यांना रंग नाही, त्यांच्याकडे माशी येत नाही. मातीच्या आत स्वतःच फळतात आणि तिथेच बी धरतात. वरची निळी फुले निंदणीत गेली तरी ही राहतात. वहीच्या पहिल्या पानावर तारीख लिहा, गावाचे नाव लिहा, आणि त्याखाली दोन चित्रे काढा : एक मातीच्या रेषेवरचे, एक रेषेखालचे.